मिझुहोबाईंचा कामाचा आवाज

"अहो, ठेवा ना ते परत," मिझुहोबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

"पाहुण्यांसाठी घेतोय गं." तेइजीरावांनी मोचीचं, म्हणजे तांदळाच्या गोड मऊ वड्यांचं पाकीट टोपलीतल्या पालकाखाली सरकवलं.

"कोण पाहुणे?"

"येतील की कुणीतरी."

डॉक्टरांनी तेइजीरावांचं गोड केव्हाच बंद केलं होतं, पण बायकोचं ऐकतील तर ते तेइजीराव कसले! आणि बायको कोण? तर टीव्हीवरच्या एका कार्टून मालिकेतल्या कडक आईला अठरा वर्षं आवाज देणारी. रविवारी संध्याकाळी ती आई पोराला असा दम भरायची, की घरोघरची मुलं मुकाट्याने दात घासायला उठत. शेवटी ती त्याच पोराला पोटाशी धरायची, म्हणून सगळ्यांची लाडकी. पण तो आवाज स्टुडिओतच ठेवून यायचा, हा मिझुहोबाईंचा नेम. घरात त्या मांजराच्या पावलांनी बोलत.

त्या शनिवारी स्टेशनजवळच्या सुपरमार्केटात नेम मोडला. तेइजीरावांनी दुसरं पाकीट उचललं आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "ठेव ते खाली! आत्ताच्या आत्ता!"

थप्. थप्. धप्प!

आसपासच्या पोरांच्या हातातली चॉकलेटं खाली गेली. कुणी आइस्क्रीम साबणात ठेवलं. टाय लावलेल्या एका साहेबांनी बिअरचा डबा गुपचूप शांपूच्या बाटल्यांत उभा केला. तेइजीरावांची दोन्ही पाकिटं तर केव्हाच फळीवर पोचली होती.

"आई चिडली!" एका चिमुरडीने भोकाड पसरलं.

"अगंबाई, म्हणजे तुम्हीच त्या?" तिची आई किंचाळली. झालं! बायकांनी मिझुहोबाईंना गराडाच घातला.

"आमचा सोसुके गाजराला शिवत नाही हो. एकदाच रागवा त्याला."

"आमच्या ह्यांनाही, जमलं तर. मोजे कुठेही फेकतात."

नाही म्हणायची बाईंना सवय नव्हती. त्यांनी सोसुकेला झापलं. त्याने तिथल्या तिथे कच्चं गाजर कडाकडा चावलं. मग काय, रांग मासळीच्या कप्प्यापर्यंत लागली. शेवटी ते बिअरवाले साहेब. पाळी आल्यावर खाली बघत म्हणाले, "मला नुसतं 'मफलर घेतलास का' एवढंच विचारा. आई गेल्यापासून कुणी विचारत नाही."

बाईंनी विचारलं. साहेबांनी नाक शिंकरलं, बाईंनीही.

एवढ्यात मॅनेजर मुराओका धापा टाकत आले. "बाई, साबणाच्या फळीवरून आइस्क्रीम ओघळतंय! लोकांनी हातातलं वाटेल तिथे टाकलंय. तुम्हीच माइकवरून सांगा, तुमचं ऐकतील."

ओशाळलेल्या बाईंनी माइक घेतला. "जिथून उचललंत, तिथे नीट नेऊन ठेवा! पसारा मला चालणार नाही!"

लोकांनी ऐकलं. जरा जास्तच ऐकलं. टोपल्यांतले तांदूळ, मासे, अंडी, सगळं जागच्या जागी गेलं. मग माणसं शिस्तीत वाकून, रिकाम्या हातांनी दाराकडे निघाली. गल्ल्यावरच्या मुली एकमेकींची तोंडं बघत बसल्या.

"बाई!" मुराओकांना रडायचंच बाकी होतं.

बाईंनी पुन्हा माइक ओढला. "आणि रात्री जेवणार काय, वारा? भाजी न घेता घरी आलात तर याद राखा!"

गर्दी जागच्या जागी वळली. थोड्याच वेळात भाजीचे कप्पे साफ झाले. गाजर तर औषधालाही उरलं नाही.

घरी तेइजीरावांनी न सांगता ताटं घेतली. जेवताना हळूच म्हणाले, "टीव्हीवर ऐकणं वेगळं गं. समोरून ऐकलं की हात आपोआप फळीकडे जातो."

बाईंना जरा ऐट आली. "मग आता रोजच..."

फोन वाजला. आकिताहून त्यांच्या आईचा.

"मिझुहो! शेजारच्या पोरीने मला दुकानातला व्हिडिओ दाखवला. नवऱ्याला चारचौघांत अरे-तुरे? हेच शिकवलं मी तुला?"

फोन कानापासून हातभर लांब धरला, तरी शब्दन्‌शब्द खोलीभर घुमला. तेइजीरावांचा घास हातातच राहिला. सासूबाई जावयाशी कायम मधाळ बोलत. बायकोने आवाज कुठून उचलला, हे त्यांना आज कळत होतं.

"चुकलं, आई."

"चुकलं म्हणताना खांदे पाडू नकोस. पाठ सरळ कर आधी! ...जेवलात का दोघं?"

"हो, आई."

मिझुहोबाई ताठ बसल्या. टेबलापलीकडे तेइजीरावही.