चार अंशांचा धावपटू

“सर, माझं शरीर तापतच नाही! लोक उन्हात वितळतात, मी फार तर कोमट होतो!”

हे तो चाचणीच्या आदल्या दिवशी धावपटूंच्या सगळ्या क्लबासमोर छाती फुगवून बोलला होता. क्लबात त्याला कुलर म्हणत, आणि हे नावही त्यानं स्वतःच पाडून घेतलं होतं. उन्हाळी स्पर्धेच्या संघात एकच जागा उरली होती. सात वर्षं राखीव यादीत काढल्यावर ती त्याला हवी होती, जीव गेला तरी हवी होती! सरांची अट सरळ होती. भर दुपारी गोदामांभोवती चार फेऱ्या मारायच्या आणि पोटातलं तापमान साडेएकोणचाळीसच्या वर जाऊ द्यायचं नाही. मोजायला सरांनी एक कॅप्सूल दिली होती. सकाळी ती गिळायची. मग ती आतून आकडा पाठवत राहते आणि शेजारून सायकलवर येणाऱ्या सरांच्या यंत्रावर तो दिसतो.

तयारी तर अशी, की विचारू नका! दोन आठवडे रोज थोडं थोडं उन्हात धावून त्यानं अंगाला लवकर घाम सोडायची सवय लावली होती. निघण्याआधी बर्फाचा चुरा खाल्ला, मानेला ओला रुमाल गुंडाळला आणि आईनं भरून दिलेली बाटली कमरेला अडकवली.

“छत्तीस!” पहिल्या फेरीत सर ओरडले. “शाब्बास रे!”

फेरी संपली की रेषेजवळच्या टबातला मूठभर बर्फ बाटलीत टाकायचा, दोन घोट घ्यायचे आणि पुढे सुटायचं. दुसऱ्या फेरीत सर यंत्रावर बोटं आपटत होते.

“किती, सर?”

“सत्तावीस.”

“मग छानच की!”

“छान काय? सत्तावीसला माणूस शुद्धीवर नसतो रे.”

तिसऱ्या फेरीत रस्ता एकदम परका वाटायला लागला. शटरं खाली, माणूस नाही, कुत्रं नाही. सावली पायाखाली शिरून बसली होती. आपल्याच पावलांचा आवाज किंचित उशिरा, मागून येतोय असं त्याला वाटलं. वळून पाहिलं तर नुसती थरथरणारी हवा. हाताकडे पाहिलं तर घामाचा थेंब नाही. आणि त्या बेचाळीस अंशांच्या उन्हात त्याच्या अंगावर सरसरून काटा आला!

“सर, थंडी वाजतेय.”

“वाजणारच! सोळा दाखवतंय!” सरांनी सायकल हळूच रस्त्याच्या पलीकडे नेली. “खरं सांग, तू... तूच आहेस ना?”

“बहुतेक मीच आहे.”

सरांनी लांबूनच क्लबाचं जॅकेट फेकलं. त्यानं ते गळ्यापर्यंत चेन ओढून घातलं. पहिल्या मजल्यावर एक बाई वाळलेले कपडे काढत होती. उन्हात जॅकेट घालून कुडकुडत धावणारा माणूस पाहून तिनं खिडकी लावली, वर कडीही घातली. तेव्हा मात्र त्याची बोबडी वळली. आपण मघाशीच कुठेतरी पडलो असू, अंग तिथेच राहिलं असेल आणि हे नुसतंच काहीतरी धावतंय! मागे वळलं तर आपण पडलेले दिसू, म्हणून तो मान वळवेना.

“चार!” शेवटच्या फेरीत सरांचा आवाज चिरकला. “अरे, भाजीसुद्धा इतकी गार ठेवत नाहीत!” आणि त्यांनी घाईघाईनं त्याच्या आईला फोन लावला.

आई धापा टाकत शेवटच्या रेषेवर पोचली, तोवर तोही भेलकांडत आला.

“आई, मी दिसतोय का तुला?”

“न दिसायला काय झालं? आणि हे जॅकेटचं काय सोंग? अगं बाई, अंग तर तव्यासारखं तापलंय!”

“तापलंय?” सर सायकलवरून जवळजवळ पडलेच. “काकू, सकाळी यानं काय गिळलं?”

“बशीत दोन गोळ्या होत्या, त्यातली एक. दुसरी मिठाची, ती मी रोजच्यासारखी बाटलीत टाकली. पण आज मेली विरघळेचना! कोमट पाण्यात अर्धा तास ढवळली, तरी आपली तशीच!”

सरांनी बाटली तळहातावर उपडी केली. बर्फाच्या चुऱ्यातून कॅप्सूल बाहेर घरंगळली. कुलरच्या पोटात मीठ गेलं होतं, आणि चार फेऱ्या सरांनी बाटलीचं तापमान मोजलं होतं.

मग एकच धावपळ! जॅकेट ओरबाडून काढलं, त्याला बर्फाच्या टबात गळ्यापर्यंत बसवलं. क्लबाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं तर चाळीस पूर्णांक सहा! आई डोक्यावर पाणी ओतत होती, शिव्या देत होती आणि रडतही होती. बऱ्याच वेळानं तो ताळ्यावर आला.

“सर, मेलेल्या माणसाचं चाळीस नसतं ना?”

“नसतं.”

“म्हणजे मी जिवंत आहे!” आनंदानं त्यानं टबातलं अर्धं पाणी सरांच्या अंगावर उडवलं.

सरांनी चेहरा पुसला, यादी काढली आणि पेनाचं टोपण उघडलं.

“आहेस की लेका, जिवंत आहेस,” ते म्हणाले. “संघात नाहीस.”