दिवाळसणाची रायफल

वसुबारसेची ती सकाळ अगदी नेहमीसारखी उजाडली. बाळाजीने बैलांपुढे कडबा टाकला, राखुंडीने दात घासले, चुळा भरल्या आणि ओट्यावर मांडी घालून सगुणाबाईने आणलेला गुळाचा चहा बशीत ओतला. भामा नदीकडून गार वारा येत होता. खळ्यावर शेंगांचा ढीग वाळत पडला होता आणि चाकणच्या बाजाराला निघालेल्या गाड्या वेशीबाहेर करकरत होत्या. चहाचा पहिला घोट घशाखाली उतरताच बाळाजीने जाहीर केले,

"यंदा जावयाला बंदूक द्यायची!"

सगुणाबाईच्या हातातली किटली जरासुद्धा हलली नाही. नवऱ्याची घोषणा चहा गार होईपर्यंत टिकते का, ते आधी पाहावे, एवढे शहाणपण संसाराने तिला दिले होते.

"कुणाला मारायचंय त्यांनी?"

"मारायला न्हाई गं, मानाला! उद्धवदादानं जावयाला सायकल दिली आन् वर्षभर गावात मिरवतोय. सायकल काय, टपालवाला बी चालवतो! बंदूकवाला जावई हाय का कुणाचा पंचक्रोशीत?"

"ज्योतीरामराव पिंपरीच्या कारखान्यात कामाला हायेत. तिथं रानडुकरं येत्यात व्हय?"

बाळाजीने ऐकले न ऐकल्यासारखे करून दुसरी बशी भरली.

उद्धवराव म्हणजे बाळाजीचा चुलतभाऊ. दोघांची शेते एकमेकांना लागून. मधल्या बांधावरचा दगड दर पेरणीला आपोआप बाळाजीच्या बाजूला सरके. दगडाला पाय फुटलेले मात्र कुणी कधी पाहिले नव्हते. जमिनीत असा मागे पडलेला बाळाजी मानात मागे पडायला तयार नव्हता. त्यातून यंदा इंदूचा पहिला दिवाळसण. एकुलती एक लेक लग्न होऊन चिंचवडला एका खोलीच्या संसाराला गेली होती. शेजारणींनी 'माहेरून काय आलं?' असे विचारले, तर तिची मान खाली जाता कामा नये, याची बाळाजीला मनापासून काळजी होती. ती खरी होती आणि चांगलीही होती. त्या काळजीला बंदूक तेवढी चिकटायला नको होती!

आता प्रश्न उरला तो एवढाच, की रायफल द्यायची की पिस्तूल?

याबाबतीत गावात जाणकार एकच, भैरू सुतार. लढाईच्या काळात देहूरोडच्या लष्करी डेपोत त्याने खोकी ठोकली होती. खोक्यांत जे जाई ते त्याने डोळे भरून पाहिले होते.

"रायफल म्हंजी कशी, आण्णा," भैरू रंधा बाजूला ठेवत म्हणाला, "घरंदाज बाईवानी. भितीवर टांगली तरी घर भरल्यागत वाटतं. पर खांद्यावर टाकून चाळीच्या जिन्यावरनं उतरायचं म्हंजी वळणावर अडकायची."

"मग पिस्तूल?"

"पिस्तूल सुटसुटीत. कोटात बसतं. पर कोटात बसलं की दिसत न्हाई. आन् दिसत न्हाई तर उद्धवरावाला कळायचं कसं?"

बाळाजी विचारात पडला. एक दिसते पण मावत नाही, दुसरे मावते पण दिसत नाही! शिवाय गेल्या बाजाराला सहज चौकशी केली तेव्हा खेडच्या फौजदाराने बजावले होते, की आधी जावयाच्या नावाचा परवाना आणि मगच हत्यार. परवाना यायला पुढची दिवाळी उजाडली तरी नवल नव्हते.

पण बाळाजीची अक्कल अशा वेळी बैलाला गोमाशी चावावी तशी उधळत असे. सोनार पाटल्या घडवण्याआधी मापाचे कडे हातात चढवून पाहतोच की नाही? मग बंदुकीचे माप घ्यायला काय हरकत आहे?

"भैरू, दोन नमुने कर. लाकडाचे. जावईबापूंच्या अंगाला कुठली शोभती ते पाडव्याला बघू. ते सांगतील ती परवाना आल्यावर खरी आणू!"

भैरूने जीव ओतला. रायफलीचा दस्ता सागवानी, नळी बाभळीची. वरून काजळी आणि जवसाचे तेल चोळून त्याने ती अशी काळीभोर चमकवली की लाकूड म्हणावे तर जीभ अडखळावी. पिस्तूल तर इतके हुबेहूब उतरले की भैरूने स्वतःच ते टोक दुसरीकडे करून बाळाजीच्या हाती दिले! बाळाजीने दोन्ही नमुने घोंगडीत गुंडाळून घरी नेले. घोंगडीतून नळीचे टोक वीतभर बाहेर डोकावत होते. ते झाकायचे त्याला सुचले नाही. खरे सांगायचे तर सुचले होते.

संध्याकाळपर्यंत गावात बातमी पसरली, की बाळाजीने रायफल आणली. कशासाठी, ते ज्याने त्याने आपापल्या पापाप्रमाणे ठरवले.

तिकडे ज्योतीरामची तयारी वेगळीच चालली होती. हा बार्शीकडचा सरळ, लाजरा तरुण. त्याला रुसता येत नसे. पण दिवाळसणाला जावयाने रुसायचे असते, हे कारखान्यातल्या सोबत्यांनी त्याच्या मनावर ठसवले होते. "भावा, ताटावर बसायचं, पण हात मांडीवरच. सासरा 'काय हवं?' म्हणेपर्यंत घासाला शिवायचं नाही!" इंदूपुढे त्याने या रुसण्याची तालीमसुद्धा केली होती. त्याला हवी होती सायकल. चिंचवडहून पिंपरीला पहाटेच्या शिफ्टला तो पायी जाई, आणि त्याच्या भाकरीसाठी इंदूला त्याहून आधी उठावे लागे.

पाडव्याला पाट मांडला, रांगोळी घातली, समई लावली. पुरणपोळीवर तुपाची धार पडली. ज्योतीराम ताटावर बसला आणि त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"घास घ्या की, जावईबापू," सगुणाबाई म्हणाली.

ज्योतीरामने मान फिरवली. रुसवा चांगला वठतोय की नाही, हे त्याने हळूच इंदूकडे पाहून ताडले. इंदूने पदरात हसू दाबले.

बाळाजीच्या अंगात आनंद मावेना! हाच तो क्षण!

"घास घेत न्हाई म्हंता?" तो गरजला. "थांबा, दावतो तुमास्नी!"

तो तरातरा माजघरात गेला आणि तसाच बाहेर आला. एका हातात रायफल, दुसऱ्या हातात पिस्तूल, मिशा पिळलेल्या, डोळे लकाकणारे! जावयाच्या ताटासमोर उभा राहून त्याने विचारले,

"बोला! लांबची का जवळची?"

ज्योतीरामने वर पाहिले. सासऱ्याच्या तापट स्वभावाबद्दल त्याने ऐकले होते. पण या घरात रुसलेल्या जावयाला अशी वागणूक मिळते, हे सोबत्यांपैकी कुणीच सांगितले नव्हते! पुढच्या क्षणी अख्खी पुरणपोळी त्याच्या तोंडात होती.

"जेवतो, मामा! जेवतो! लई गोड झालीया!"

"आवं, एवढ्यात का जेवताय?" बाळाजी हिरमुसला. "अजून तर इचारलंच न्हाई!" आणि तो एक पाऊल पुढे आला.

ज्योतीरामने दुसरी पोळी उचलली. बाळाजी आणखी पुढे आला. ज्योतीरामने भजी, कुरडई, आमटी, भात, जे हाताला लागेल ते तोंडात कोंबले. बाळाजी प्रेमाने रायफल त्याच्या खांद्याला लावून बघू लागला. जावयाच्या डोळ्यांत पाणी तरळले.

"ठसका लागला... पाणी पिऊन येतो," असे कसेबसे पुटपुटून तो मागच्या दाराने रांजणाकडे गेला. रांजण तिथेच राहिला. ज्योतीराम मात्र चाकणच्या वाटेला लागला, तोही अनवाणी!

"आवो, जावई पळालं!" सगुणाबाई किंचाळली.

पाडव्याला जावई अर्ध्या ताटावरून उठून गेला! यापुढे इंदूला कोणत्या तोंडाने सासरी पाठवायचे? बाळाजी होता तसाच धावत सुटला. पिस्तूल ओट्यावर पडले, पण रायफल हातातच राहिली.

"थांबा जावईबापू! पळताय कशाला? निवडा तरी!"

हे ऐकून ज्योतीराम आणखी जोरात धावू लागला. वाटेवर आपल्या ओट्यावर उद्धवराव पान खात बसला होता. रायफल परजत आपल्याच दिशेने येणारा बाळाजी पाहताच त्याने पान चुन्यासकट गिळले, आत उडी मारली आणि दाराला अडसर घातला. एवढ्यावर भागेना, म्हणून जात्याचा वरचा दगडही दाराला लावला!

अखेर वाट संपली ती बाळाजीच्याच खळ्यावर. ज्योतीराम कडब्याच्या गंजीवर चढला. बाळाजी खाली उभा राहून धापा टाकू लागला.

"उतरा की खाली!"

"आधी ती ठेवा, मामा! मी पुन्यांदा रुसणार न्हाई! जल्मात न्हाई!"

मागून इंदू आली. तिने एकदा वर पाहिले, एकदा खाली पाहिले आणि बापाच्या हातातून रायफल हिसकावून खळ्यावरच्या दगडावर आपटली. खट्ट असा कोरडा आवाज झाला. नळी दस्त्यापासून निखळली आणि आतली खुंटी उघडी पडली.

"लाकडाची हाय, बघा! उतरा आता!"

गंजीच्या कडेवरून एक डोके हळूच डोकावले. मग वरून एक अशक्त आवाज आला,

"लाकडाची? मग मी इतकं जेवलो कशापायी?"

इंदू जी हसायला लागली ती थांबेना. ज्योतीराम घसरत खाली आला. डोक्यात कडबा, बोटांना पुरण. बाळाजीने त्याच्या अनवाणी पायांकडे पाहिले. टाचा भेगाळलेल्या होत्या.

"बंदूक नगं म्हंता?" त्याने खालच्या आवाजात विचारले.

"त्यांना सायकल पायजेल, आबा," इंदू म्हणाली. "पहाटं अंधारात चालत जात्यात कामावर. आन् तुमी सायकलीला नावं ठेवत सगळ्या गावभर हिंडलात. मग मागायची कुणी?"

बाळाजी खाली वाकला. रायफलीचे दोन तुकडे त्याने काखेत घेतले आणि जावयाच्या पाठीवरचा कडबा झटकत त्याला घरी आणले. या वेळी ज्योतीरामला कुणी जेवण्याचा आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाजीने बैलांपुढे कडबा टाकला, दात घासले, पण चहाला थांबला नाही. गारठा होता म्हणून घोंगडीची वळकटी काखेत मारून तो थेट उद्धवरावाच्या दारी गेला. गावात चांगल्या सायकलीचे दुकान ठाऊक असलेला माणूस तोच एक. हे त्याच्याच तोंडाकडे बघून विचारायचे म्हणजे कडू काढा पिण्यासारखे होते. पण बाळाजीने तो प्यायचे ठरवले होते.

"दादा," त्याने हाक मारली.

दार बोटभर उघडले. फटीतून एक डोळा आधी वळकटीवर, मग बाळाजीच्या मिशीवर गेला.

"बाळा, रागं भरू नगंस! दगड मी रातीच सरकवला बघ! जा, डोळ्यानं बघून ये!"

"दगड?" बाळाजी गोंधळला. "मी म्हणत हुतो, ती सायकल कुठल्या दुकानातनं घेतलीवती?"

फटीतला डोळा दोनदा मिटला.

"पुण्यात, लक्ष्मी रोडला," उद्धवराव घाईने म्हणाला. "दिवा मागून घे, ते देत न्हाईत." आणि दार लागले.

बाळाजी शेताच्या वाटेने एस. टी.कडे निघाला. बांधाशी येऊन थांबला. दगड खरेच सरकला होता, आणि रात्रीच्या घाबरगुंडीत इतका सरकला होता, की जुन्या, खऱ्या हद्दीच्या खड्ड्यापासून चांगला दोन हात उद्धवरावाच्या रानात जाऊन बसला होता! बाळाजीने चारी बाजूंना पाहिले. कुणी नव्हते. वर्षानुवर्षे कुरतडलेली जमीन व्याजासकट दारी चालून आली होती, आणि तीही बाभळीच्या लाकडाला भिऊन!

त्याने मिशीवरून हात फिरवला. मग घोंगडी बांधावर ठेवली, धोतर खोचले आणि दगडाला खांदा लावून तो त्याच्या जुन्या खड्ड्यात नेऊन बसवला. तसूभरही इकडे नाही, तसूभरही तिकडे नाही. हाताची माती झटकली, घोंगडी उचलली, आणि टपालवालाही चालवतो तसली एक सायकल आणायला तो पुण्याच्या गाडीकडे चालू लागला.