तांबडीची हनुवटी

गाय कशी आहे ते मला दारातूनच कळतं. शाळा चौथीत सुटली माझी, पण गोठ्यात माझ्यापुढे शहाणपणा करायची कुणाची टाप नाही.

सूनबाई करते.

तर आमची तांबडी वाळत चालली होती. दूध आटलं, केस झाडूसारखे ताठ. सूनबाई तिला वाळका चारा घालायची. म्हटलं, कोरडं खाऊन कुणी बाळसं धरलंय? विळा घेऊन मी स्वतः तळ्याकाठी गेले. तिथलं गवत म्हणजे नुसतं लोणी. घोट्याएवढ्या चिखलात उभी राहून रोज भारा आणला.

आणि काय सांगू, तीन-चार महिन्यांत तांबडीला हनुवटी सुटली! जबड्याखाली चांगली लोंबती गादी. सगळ्या गल्लीला बोलावून दाखवली. "अंग धरतेय. वरून सुरुवात झालीय, उतरेल खाली."

"आई, बरगड्या मोजता येतायत," सूनबाई म्हणाली.

"मोज. उजळणी होईल."

तिनं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. म्हटलं बरं झालं, परस्पर निकाल लागेल. "बाई, जिच्या हातचा चारा बाधलाय तिनं उद्यापासून गोठ्यात पाऊल टाकायचं नाही. तुमच्या तोंडून ऐकू दे हिला."

बाईंनी हनुवटीत बोट रुतवलं. बोट काढलं तरी खड्डा तसाच, मळलेल्या पिठात राहतो तसा. "आजी, हे मांस नाही. पाणी साठलंय. गाईच्या अंगात रक्तच उरलेलं नाही." पापणी उलटून दाखवली. आत पांढरंफटक.

शेणाचा नमुना घेऊन आम्ही तिघी दवाखान्यात. तिथल्या भिंगाच्या यंत्रात बाईंनी मला बघायला लावलं. आधी मी भलताच डोळा मिटला. मग नीट बघितलं, आणि बघतच राहिले. पिवळीधमक अंडी, आणि एकेकाच्या टोकाला इवलंसं झाकण.

"झाकण कशाला हो?"

"अंडं पाण्यात पडलं की ते उघडतं. आतलं पिल्लू पोहत जाऊन गोगलगायीत शिरतं."

"तिला न विचारता?"

"न विचारता. तिथं वाढतं, बाहेर येतं, गवताला चिकटून बसतं. गाय ते गवत खाते आणि जंत तिच्या काळजात, म्हणजे यकृतात, घर करतात."

"पोटातून काळजात? वाट कोण दाखवतं मेल्यांना?"

बाई हसल्या. असं कुणी विचारत नाही म्हणाल्या. मी फुलले. "आणि या गोगलगायी राहतात कुठे?"

सूनबाईनं घसा खाकरला. तेव्हाच उठायला हवं होतं.

"दलदलीत, तळ्याकाठी. तिथलं ओलं गवत घालता का?"

"वाळक्या चाऱ्यात नसतात का हो हे जंत?" मी बुडत्याची काडी धरून पाहिली.

"नीट वाळवला तर सहसा तग धरत नाहीत."

सूनबाई काही बोलली नाही. बोलली असती तर चार ऐकवली असती. गप्प बसणारीचं माणसानं काय करायचं?

औषध पाजलं, तांबडी सावरली. मी गोठ्यात जात नाही. शब्द माझाच, मोडू कसा? दाराबाहेर स्टूल टाकून बसते. परवा सूनबाई आतून म्हणाली, "आई, या की आत. मनावर घेऊ नका."

"मी येणार नाही. शेण तेवढं बाहेर दे, मला बघायचंय."

तिनं दिलं. घमेलंभर. आता रोज देते. बघून झालं की उकिरड्यावर नेऊन टाकायचं कामही, तेवढ्यासाठी बाहेर कोण येणार म्हणून, माझ्याकडेच आलंय.