उणे सव्वासहा

रविवारी सकाळी आठ वाजता भीमाशंकर सरांच्या पुढच्या खोलीत हुसेनबी तिसऱ्यांदा परीक्षेला बसल्या. त्यांच्या डाव्या हाताला एक वहिनी होत्या. मुदखेडहून आदल्या दिवशीच येऊन त्यांनी लातुरात पाहुण्यांकडे मुक्काम ठोकला होता. उजव्या हाताला हॉस्टेलच्या चार पोरी होत्या. परीक्षा डॉक्टरकीची नव्हती, तलाठ्याचीही नव्हती. 'लातूरचं ताट' नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये शिरायला मिळावं म्हणून ती घेतली जात होती.

हा ग्रुप सरांच्या बायकोने, सिंधुताईंनी सुरू केलेला. पहिली दोन वर्षं त्यात सव्वाशे माणसं होती आणि सगळ्यांना एकमेकांच्या फोडणीचा आवाज ओळखता येत होता. नवीन कुणी आलं की सिंधुताई लिहायच्या, 'या, बसा. आज घरी काय केलंय?' मग उत्तर यायचं, त्यावर दुसरीचं उत्तर यायचं आणि दुपार कशी जायची ते कळायचं नाही.

पुढे क्लाससाठी गावोगावची पोरं लातुरात आली. पोरांमागे आया आल्या, आज्या आल्या, भाड्याच्या खोल्यांमध्ये गॅस पेटले. भूकंपानंतर पंचवीस वर्षं घरावर एक वीटही चढवायला न धजलेल्या सरांनीसुद्धा वर दोन खोल्या बांधल्या. ग्रुप सव्वाशेवरून सातशेवर गेला. मग त्यात गुलाबाच्या फुलासकट 'शुभ सकाळ' आलं, मेसच्या जाहिराती आल्या आणि एका बाईने येसर आमटीत पावभाजी मसाला घालून तिचा फोटो टाकला. त्या दिवशी तीन जुन्या बायका न बोलता ग्रुप सोडून गेल्या.

"लोकाला येऊ नका म्हणायचं जिवावर येतंय," सिंधुताई डोळे पुसत म्हणाल्या, "अन् आले की हे असं. काय करावं माणसानं?"

सरांनी तीस वर्षं क्लासमध्ये पदार्थविज्ञान शिकवलं होतं. लातुरात कुठल्याही प्रश्नाला चार पर्याय असतात, त्यातला बरोबर एकच असतो, आणि तो सरांना ठाऊक असतो. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "प्रवेश परीक्षा."

झालं! पंचवीस प्रश्न, प्रत्येकी एक गुण, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा, पास व्हायला पंधरा. मोबाइलवर पोरं कॉप्या करतात म्हणून परीक्षा सरांच्या समोर, काळे गोल भरायचे. प्रश्नपत्रिका सर कपाटात ठेवायचे आणि किल्ली जानव्याला बांधावी तशी गळ्यातल्या दोऱ्याला बांधायचे. घरातूनच पेपर फुटू नये म्हणून. सिंधुताईंनी एकदा त्याच कपाटातली इस्त्रीची साडी मागितली, तर सरांनी स्वतः काढून दिली.

पहिल्याच परीक्षेत हुसेनबी नापास झाल्या. त्या सरांच्याच वरच्या खोलीत राहायच्या. त्यांची नात सादिया देगलूरहून मेडिकलच्या तयारीला आली होती आणि तिला रांधून घालायला आजी सोबत आली होती. हुसेनबींचा हात असा, की त्यांनी चिंचेच्या खट्ट्याला फोडणीचा बघार दिला की खालच्या मजल्यावर सर पेपर तपासायचे थांबत.

निकाल लागल्यावर त्या पेपर घेऊनच खाली आल्या. "सर, येसराची डाळ किती मिंटं भाजायची, म्हणून विचारलं तुम्ही. चार, सहा, आठ, नाहीतर यापैकी नाही. वास सुटंपर्यंत भाजायची. मग 'यापैकी नाही'च बरोबर ना?"

"आठ मिनिटं," सर म्हणाले.

"कुणाच्या चुलीवर?"

"हुसेनबी, उत्तरपत्रिका जाहीर झाली आहे."

रात्रीच्या जेवणापर्यंत न थांबता सिंधुताईंनी तिथेच तोंड उघडलं. "अहो, वर राहतात त्या. घ्या की त्यांना तसंच."

"आपलाच भाडेकरू बिनपरीक्षेचा घेतला तर गाव सेटिंग म्हणेल."

हुसेनबी वर निघाल्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून एवढंच म्हणाल्या, "पोरगी सकाळी सातला क्लासला जाती, दुपारनं लायब्ररीत, आठला येती अन् पुस्तकात तोंड घालती. देगलूरला आमच्या दारात दिवसभर माणसं. इथं मी भिताडाशी बोलून राहिले, सिंधुबाई. ग्रुपात आले असते तं चार बोल तरी झाले असते."

सिंधुताईंना ते लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता त्या वही-पेन घेऊन वर गेल्या. "खाला, मी शिकवते तुम्हाला. पुढच्या बारीला तुम्ही पास न्हाई झाल्या तर माझं नाव सिंधू न्हाई." सरांनीही परवानगी दिली. मार्गदर्शन घ्यायला नियमांची आडकाठी नव्हती.

तेव्हापासून रोज दोन ते चार वर अभ्यास सुरू झाला. खाली सरांना कधी खलबत्ता ऐकू येई, कधी हसणं, तर कधी बराच वेळ काहीच नाही आणि मग एकदम मोठ्ठं हसणं. अंबाडीच्या भाजीचा वास जिन्याने खाली येई. 'प्रात्यक्षिक चाललंय,' असं स्वतःला सांगून सर सकाळची भाकरी दुधात कुस्करत.

इकडे परीक्षेची कीर्ती पसरत चालली. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या व्यंकटीने 'ताट : संभाव्य प्रश्नसंच' काढला आणि तो दोन दिवसांत संपला. एका रिकाम्या गाळ्यात 'ताट फाउंडेशन बॅच'चा बोर्ड लागला. हॉस्टेलची पोरं-पोरी झुंडीने येऊ लागली. कारण लातुरात आलेल्या लेकराला कुठे पेपर चालू आहे असं कळलं, की त्याचे पाय आपोआप तिकडे वळतात. त्यांनी प्रश्नसंच पाठ केले आणि पंचवीसपैकी तेवीस, चोवीस मार्क घेतले. सर खूश होते. ग्रुपची सरासरी एकवीसवर गेली होती.

फक्त ग्रुपमध्ये स्वयंपाक बंद पडला होता. नवे सभासद शंका विचारत. 'सर, चवीनुसार मीठ म्हणजे कुणाच्या चवीनुसार धरायचं?' 'सर, मंद आच किती अंशाला?' जुन्या बायका वाचत आणि फोन पालथा ठेवत. पंचवीसपैकी पंचवीस घेऊन पहिली आलेल्या बुद्धप्रियाचं सरांनी जाहीर अभिनंदन केलं आणि तिला तिची पहिली पाककृती टाकायला सांगितली. पोरगी खरं बोलणारी निघाली.

'सर, मी मेसला जेवते,' तिने लिहिलं. 'पेपर होता म्हणून दिला.'

दुसऱ्या प्रयत्नात हुसेनबींना दोन गुण मिळाले. पहिल्यांदा सात होते. सरांच्या तीस वर्षांच्या शिक्षकीला धक्का बसला. क्लास लावल्यावर मार्क घटलेला विद्यार्थी त्यांनी पाहिला नव्हता, निदान कबूल तरी केला नव्हता.

"सिंधू, तू शिकवतेस तरी काय?"

"सगळं शिकवते. येतंय त्यांना."

"येतंय तर दोन गुण कसे? पाया कच्चा आहे. उद्यापासून मीच जातो शिकवायला."

हे वर कळलं तशा हुसेनबी डोक्यावरचा पदर सावरत धावतच खाली आल्या. "नको नको, सर! सिंधुबाईच बऱ्या. त्यांचं शिकवणं समजतं मला. म्या आता तीन तास बसते त्यांच्यापाशी."

आणि आता हा तिसरा प्रयत्न. हुसेनबींनी अर्ध्या तासात पेपर दिला आणि त्या वर निघून गेल्या. सिंधुताई पिशव्या घेऊन बाजारात गेल्या. सर तपासायला बसले.

पहिला प्रश्न चूक. दुसरा चूक. दहाव्यापर्यंत सरांनी मान हलवली, पंधराव्याला लाल पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. पंचवीसच्या पंचवीस चूक. एकूण गुण, उणे सव्वासहा. सर हळहळले. मग त्यांची नजर पंचविसाव्या प्रश्नावर गेली. कुणीच भोपळा घेऊन जाऊ नये म्हणून तो त्यांनी मुद्दाम घातला होता. 'मिठाची चव कशी असते?' हुसेनबींनी 'गोड'चा गोल काळाकुट्ट भरला होता.

सरांनी कागद ओढला आणि गणित मांडलं. डोळे मिटून गोल भरले तरी चारातला एक बरोबर येतो. पंचवीसात सहा तरी यायलाच पाहिजेत. सगळेच्या सगळे चुकायचे म्हणजे तेराशे माणसांत एखाद्याचं तसं होईल, आणि त्यातही तो एखादा मीठ खाणारा नसावा. सरांनी गणित दोनदा केलं आणि पेपर घेऊन ते जिना चढले.

हुसेनबी दारात अंबाडी निवडत बसल्या होत्या.

"हुसेनबी, मीठ गोड असतं?"

"चुकलं असंल, सर. वय झालं."

"एक चुकतं, दहा चुकतात. पंचवीसच्या पंचवीस चुकवायला पंचवीसच्या पंचवीस यावे लागतात. एवढा हुशार विद्यार्थी माझ्याकडे तीस वर्षांत आला नाही."

हुसेनबींचा हात भाजीतच थांबला. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"पहिल्या बारीला खरंच नापास झाले, सर. अल्लाकसम. दुसऱ्या बारीला यायलं होतं सगळं. गोल भरताना मनात आलं, पास झाले तं उद्या दुपारी सिंधुबाई वर कशाला येतील? ग्रुपात काय, फोनात बोलायचं. इथं माणूस येऊन बसतंय. चहा पितंय. काल आम्ही दोघी तिच्या माहेरावरून रडलो अन् माझ्या सासूवरून हसलो." त्यांनी पदराने नाक पुसलं. "तुम्ही शिकवणारे लोक. खरं असंल ते लिहा. पास करा नाहीतर भायेर काढा."

सरांनी पेपर पुन्हा उलगडला. आयुष्यात त्यांनी कुणाचा अर्धा गुण इकडचा तिकडे केला नव्हता. त्यासाठी सख्ख्या भाच्याशी अबोला धरला होता. पण आता त्यांना बरं वाटलं, कारण इथे काहीच इकडचं तिकडे करायची गरज नव्हती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पेपरावर ठळक अक्षरात उणे सव्वासहा लिहिलं, खाली सही केली आणि तो हुसेनबींच्या हातात दिला.

खाली सिंधुताई पिशव्या टेकवून उभ्याच होत्या. "किती मिळाले खालांना?"

"नापास," सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले. "सपशेल. परीक्षा आजपासून बंद करतो. त्या हॉस्टेलच्या पोरी हुशार आहेत, पण ताटात काय वाढणार? नवीन माणसाचं तू बघ, आधीसारखं. कुणी पावभाजी मसाला घातला तर घरी बोलावून शिकव."

"अन् खाला? त्यांनाबी घ्यायचं का मग?"

"घे की. पण ग्रुपने भागणार नाही. त्यांचा पाया फार कच्चा आहे. रोज दोन तास तुला वर जावंच लागेल. वर्षभर तरी."

सिंधुताईंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. "कळलं म्हणा तुम्हाला."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"दुसऱ्या पेपरालाच. शिरा कशाचा, तर म्हणे बाजरीचा. मी कशाला बोलू? ह्या घरात तीस वर्षं दुपारी पेपर तपासायचा आवाज ऐकलाय मी. मलाबी वर जायचं होतं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वरून बघाराचा चर्र आवाज आला आणि पाठोपाठ चिंच-तिळाचा वास जिना उतरू लागला. आज खिचडी-खट्टा होता.

"सिंधू," सर जरा वेळाने म्हणाले, "उद्या दुपारी मीही आलो तर? नुसता बसेन. बोलणार नाही."

सिंधुताई भाजीची पिशवी उचलून वर निघाल्याच होत्या. अर्ध्या जिन्यात त्या थांबल्या.

"विचारून बघते," त्या म्हणाल्या. "पण आशा लावून बसू नका. तिथं कुणालाबी घेत न्हाईत."