रंगारी भाऊंची टिचकी

रंगारी भाऊ कोणतीही वस्तू टिचकी मारल्याशिवाय घेत नाहीत. टरबुजाला मारतात म्हणाल, तर ते कोणीही मारतं. भाऊ वांग्याला मारतात. खुर्चीवर बसायच्या आधी खुर्चीला मारतात आणि वाकून कान लावतात. आमच्या शेजारी राहायला आले त्या दिवशी मी चहा दिला, तर आधी कपाला टिचकी! मग म्हणाले, "पास." मला वाटलं चहाला म्हणतात. चहा त्यांनी अजून तोंडाला लावलाच नव्हता.

नोकरीचा गुण हो, दुसरं काय. भद्रावतीच्या कारखान्यात त्यांची सारी हयात माल तपासण्यात गेली. कारखाना सुटला, तपासणी सुटली नाही. जगात दोनच प्रकारच्या गोष्टी, पास आणि रिजेक्ट. वहिनी गेल्या, मुलगा हैदराबादला. तो रोज फोन करतो असं भाऊ सांगतात. आम्ही खोदून विचारत नाही.

माझा त्यांच्याशी खरा संबंध आला तो भिंतीमुळे. मी शाळेत शिकवते. दिवाळीनंतर माझी बदली जंगलाच्या काठच्या एका गावात झाली. भद्रावतीहून सात-आठ किलोमीटर, पण बस त्या अंगाला जात नाही. फाट्यापर्यंत काळीपिवळी जीप, पुढे खडी-गिट्टीच्या रस्त्यानं पायी. शाळेची किल्ली माझ्याकडे. मी पोहोचेपर्यंत पोरं कुलपासमोर थंडीत कुडकुडत बसलेली. त्यांना तसं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून मैत्रिणीची स्कूटी शिकायला आणली. फाटकातून काढली ती थेट भाऊंच्या कंपाउंडवर. भाऊ बाहेर आले. मी नालीशेजारी पडलेली, आणि हे गृहस्थ भिंतीला टिचकी मारून ऐकतायत!

"भिंत पास," ते म्हणाले. "बाई रिजेक्ट."

मग हात देऊन उठवलं, गुडघ्याला लावायला हळद आणून दिली आणि म्हणाले, "तुमाले इंजिन नाई जमत, बाई. तुमाले सायकल पाह्यजे. गेरवाली, जाड्या टायरची. त्या गिट्टीवर तेच टिकन. आन् सेकंडहँड घ्या. पडनं तर तुमाले हायच, मंग नवीन काऊन पाडता?"

खरी पंचाईत वेगळीच होती. मला सायकल येत नव्हती. पन्नाशीला टेकलेल्या बाईनं हे कोणत्या तोंडानं सांगायचं? आमच्या ह्यांनी तर अख्खं कॉलेज सायकलवर केलेलं. ती गोष्ट गल्लीत सगळ्यांना ऐकून ऐकून पाठ आहे, भाऊंनाही. हे मोठ्या उत्साहानं दूधवाल्याची सायकल मागून मला शिकवायला उभे राहिले. दुसऱ्याच दिवशी "अगं समोर बघ"वरून अशी जुंपली की सायकल राहिली बाजूला, संसारच मोडतो की काय असं झालं.

तेव्हा भाऊंनीच मला हाती घेतलं. रविवारी विहारातली वंदना आटोपली की तशाच पांढऱ्याशुभ्र इस्त्रीच्या कपड्यांत आमच्या फाटकाशी हजर. खांद्याला पिशवी. पिशवीत पाना, पंप आणि डबा. डब्यात भाकर आणि स्वतः केलेली वांग्याची भाजी, दोघांना पुरून उरेल इतकी. एस.टी.त खिडकीची जागा मला द्यायची आणि वाटभर बोलत राहायचं. हा माणूस इतकं बोलतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

पहिली सायकल पाहिली घुग्घुसला. मडावी नावाचे गृहस्थ, खाणीत पाळीवर जाणारे. काळी धूळ पुसली तेव्हा सायकल निळी निघाली. भाऊंनी सायकलीकडे ढुंकून पाहिलं नाही. मडावींकडे पाहिलं.

"काऊन विकून राह्यले?"

"पोट कमी कराले घेतली होती, भाऊ. शिफ्टमंदी नाई होत."

चहा झाल्यावर पुन्हा तेच विचारलं. थोड्या वेळानं पुन्हा. भाऊंचा नियमच आहे, तीनदा विचारायचं. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं की माणूस पास. मग सायकल वीतभर उचलून खाली सोडली, कुठे काही खुळखुळतं का ते ऐकलं, दांड्याच्या जोडांना टिचक्या मारल्या, चाकं गरगर फिरवली, आणि मला म्हणाले, "बसा." मी बसले. दोन्ही पाय जमिनीला टेकले.

"नवशिक्याले ब्रेकच्या आधी पाय लागते," भाऊ म्हणाले.

चार हात गेले आणि मडावींच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन थांबले. पण सायकल मला फार आवडली.

"रिजेक्ट," भाऊ म्हणाले.

"अहो, का?"

"घंटी नाई."

"घंटी काय, बसवता येते की!"

"वाघाच्या रस्त्यानं जाता, बाई. वाघाले डिस्टर्ब नाई कराचं, पन सांगा तर लागते, का बाई येऊन राह्यली."

झालं! मग चंद्रपूरला एका कॉलेजकुमाराची पाहिली. पहिल्यांदा म्हणाला स्वतः घेतली, तिसऱ्यांदा म्हणाला मामानं दिली. भाऊ अर्धा चहा तसाच ठेवून उठले. बल्लारपूरची पुढे-मागे स्प्रिंगवाली, दिसायला ऐटबाज. भाऊ म्हणाले, "हा स्प्रिंगचा पलंग हाय. उचलून तर पाहा." उचलली, आणि माझी कंबर धरली. प्रत्येक ठिकाणी रिजेक्ट म्हणायच्या आधी मात्र "बसा" व्हायचंच. सीट धरून तो माणूस पांढऱ्या कपड्यांत धुळीतून माझ्यामागे पळायचा. "समोर बघ" कधी म्हणाला नाही. म्हणायचा, "मी हाय ना." वरोऱ्याला एका मैदानावर मागून "मी हाय ना" बारीक ऐकू आलं म्हणून वळून पाहिलं, तर भाऊ पार तिकडे लिंबाखाली डबा उघडून बसलेले आणि भाकर खात खात ओरडत होते. मी एकटीच चालवत होते, बाप्पा!

त्यानंतरही सायकली रिजेक्ट होतच राहिल्या. एकीचा रंग डोळ्यात जातो म्हणून, दुसरी उगाच. शेवटी परतीच्या बसमध्ये माझा ताबा सुटला. "भाऊ, तुम्हाला पसंत पडेल अशी सायकल अजून कोणी बनवलीच नाही. आणि तिकडे माझी पोरं गारठतात हो कुलपासमोर!"

भाऊंनी पिशवीतून पाना काढला आणि भद्रावती येईपर्यंत पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात टेम्पो थांबला. त्यातून मडावी उतरले आणि तीच निळी सायकल, धुऊन लख्ख केलेली. हँडलवर ही मोठी पितळी घंटी. ती मी ओळखली. भाऊ ज्या काळ्या सायकलीवर ड्युटीला जात, तिची होती.

"घ्या बाई तुमची अमानत," मडावी म्हणाले. "भाऊनं पहिल्याच दिवशी कानात सांगतलं होतं, हे बाईची हाय, कोनाले देऊ नोको म्हून. मधामधात येऊन हवा पाहून जात होते. चहा घेत, गोष्टी करत."

मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ आमच्या फाटकाला टिचक्या मारण्यात गर्क होते.

"भाऊ!"

"तवा तुमाले चालवता येत होती का?"

"नाही."

"मंग? सायकल तवाच पास होती. बाई पास व्हाची होती."

कपाळ माझं! लोकांच्या सायकलींवरून पाडून पाडून ह्या माणसानं मला शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी पोरांच्या आधी शाळेत पोहोचले. पोरं आली तर दार उघडं, आणि बाई व्हरांड्यात उभी राहून घंटी वाजवतेय. पोरं हसत होती, आणि मला मेलीला रडू येत होतं. त्या घडीला भाऊ समोर असते तर मी त्यांच्या पाया पडले असते.

मग रविवार आला. मी कपडे भिजवत होते, हे पेपर वाचत होते, तेवढ्यात फाटकावर टिचकी. भाऊ. पांढरे इस्त्रीचे कपडे, खांद्याला पिशवी.

"हवा पाहाले आलो," ते म्हणाले. अंगठ्यानं दोन्ही टायर दाबले. "बरोबर हाय." मग घंटी पुसली. मग, "बरं, येतो मंग," म्हणाले आणि तिथेच उभे राहिले. पिशवीतून वांग्याच्या भाजीचा वास येत होता.

हवा पाहायला कोणी डबा घेऊन येतं का हो? बाई पास व्हायची होती, कबूल. पण ती तर वरोऱ्यालाच पास झाली होती. पुढचे रविवार कशासाठी होते ते मला तेव्हा कळलं.

"भाऊ," मी हात पुसत म्हणाले, "आता ह्यांच्यासाठी एक पाहायची आहे. ह्यांनाही सायकल येत नाही."

ह्यांनी पेपर खाली केला. अख्खं कॉलेज ह्यांच्या ओठांवर आलं होतं. मी डोळे वटारले.

भाऊंनी ह्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काऊन घेऊन राह्यले?"

"येत नाही म्हणून," हे म्हणाले.

भाऊंनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "काऊन घेऊन राह्यले?"

"येत नाही, भाऊ."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा हे उठून चपला घालत होते. "अहो, खरंच येत नाही मला. पाय थरथरतात."

"पास," भाऊ म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पन सोपं नाई, बाई. लय रविवार लागन."

"लागू द्या," मी म्हणाले.