सह्याद्रीचा अज्ञात प्राणी परत मिळाल्याबद्दल

जो प्राणी कोणी ओळखत नाही, त्याचा अभिमान बाळगणं सर्वांत सोपं असतं.

कंपनी सरकारच्या सुरुवातीच्या काळात एका कॅप्टनसाहेबाला सह्याद्रीत असा प्राणी दिसला. तोंड कुत्र्याचं, शेपूट पाणमांजराचं, आवाज रेड्याचा. (साहेबाने त्या संध्याकाळी काय घेतलं होतं, याची नोंद नाही.) गावकरी फार घाबरायचे, असं साहेब लिहितो, प्राण्याला की साहेबाला, हे लिहीत नाही. साहेबाने त्याला गोळी घातली, पेंढा भरला आणि विलायतेला आणलं. इंग्लंडातल्या ब्रॅकनेलजवळच्या एका छोट्या संग्रहालयात तो दोनशे वर्षं काचेआड उभा होता.

आमच्या इथल्या मराठी मंडळाला तो दिवाळीसाठी हॉल शोधताना सापडला. अध्यक्ष इरावतीताईंना खरोखर भरून आलं. "हा आपला आहे! याला मी परक्या घरी राहू देणार नाही," असा शब्द त्यांनी स्टेजवरून दिला. प्राण्याच्या चेहऱ्यावरची नापसंती पाहून पुणेकरांनी त्याला तत्काळ ओळखलं. नागपूरकरांनी अंगावरच्या उन्हाच्या खुणा दाखवल्या. नव्वद टक्के सभासदांनी 'आमचा प्राणी परत द्या' या पिटिशनवर सही केली. उरलेल्या दहा टक्क्यांनी दोनदा केली.

यावर इंग्रजांनी अत्यंत हीन डाव टाकला. ते हो म्हणाले.

संग्रहालय बंदच होणार होतं. शुक्रवारपर्यंत प्राणी न्यावा, अन्यथा तो कचऱ्यात जाईल, असं त्यांनी अतिशय नम्रपणे कळवलं.

ताईंनी ग्रुपवर विचारलं, कोण ठेवून घेतंय? ग्रुप स्थापनेपासून प्रथमच शांत झाला.

"ताई, आमचं गॅरेज फुल आहे हो. एरवी नक्की घेतला असता," यशोधनने कळवलं.

"आमचा लँडलॉर्ड पेट्स अलाऊ करत नाही," वैभवी म्हणाली.

"अगं, तो दोनशे वर्षांपूर्वी मेलाय!" ताईंनी लिहिलं.

"हो ना, पण अनआयडेंटिफाइड आहे. लँडलॉर्डला काय सांगू?"

शुक्रवारी ताई एकट्याच गेल्या. घरात आणायला नवऱ्याची सक्त मनाई असल्याने प्राणी सध्या त्यांच्या गाडीत, मागच्या सीटवर, बेल्ट लावून राहतो. त्याच्याकडे पाहून ताईंचे डोळे अजूनही पाणावतात. (वासाचाही थोडा भाग आहे.)

हे वाचून आपलंही रक्त सळसळलं असेल, याची मंडळाला खात्री आहे. तरी कृपया घरचा पत्ता कळवावा. गाडी दारात आणायची ताईंची तयारी आहे. हात जोडल्याचे इमोजी पाठवू नयेत. तसे चारशे आले आहेत, तुम्ही आता पाठवणार आहात तो धरून.