आदरपूर्वक कुलूपबंद

चौथीच्या पुस्तकात 'आपल्या शेजाऱ्यांचे धर्म' असा एक धडा होता आणि त्यात इस्लामच्या वाट्याला सव्वा पान आलं होतं. त्यातलं पाऊण पान चित्रानंच खाल्लं होतं. उरलेल्या अर्ध्या पानात मावेल तेवढा धर्म बाई दरवर्षी वाचून दाखवत आणि पोरं खिडकीबाहेर बघत. यंदा मात्र बाईंना अवदसा आठवली. वर्गात एका शिंप्याची मुलगी होती. तोंड मिटत नसे म्हणून सगळे तिला बडबडी म्हणत. तिच्या घरी कुराण होतं आणि ते रोज सकाळी वाचणारे वडीलही होते. मग पुस्तकातून कशाला, त्यांनाच बोलावू, असं बाईंनी ठरवलं.

बडबडीने आठवडाभर वर्गाचं डोकं उठवलं. "माझे अब्बा येणारेत. ते वाचून दाखवणार, मग अर्थ सांगणार. तेव्हा कुणी मध्ये बोलायचं नाही." एरवी डब्याच्या सुट्टीत तिला शेजारी कुणी बसवून घेत नसे. आता तिच्याभोवती घोळका जमू लागला. तिला एवढंच हवं होतं, आणि ते त्या एका तासावर अवलंबून होतं.

शिंप्याने अर्धा दिवस दुकान बंद ठेवलं. कापडात गुंडाळलेलं कुराण, ते उघडून ठेवायची लाकडी बैठक म्हणजे रेहल, आणि खिशात चार ओळींचा कागद, अशा तयारीने तो कार्यालयात हजर झाला. मुख्याध्यापकांच्या निवृत्तीला सात महिने राहिले होते. ते ताकच काय, पाणीही फुंकून पीत.

"पथ्यं काय असतील ती आधीच सांगा," ते म्हणाले. "मागाहून बोभाटा नको."

"विशेष काही नाही, सर. हात धुतलेले असावेत, जमिनीवर ठेवू नये, आणि त्याच्यावर दुसरं काही ठेवू नये. बाकी पोरांनी जवळून बघावं, वाट्टेल ते विचारावं. त्यासाठीच आणलंय."

मुख्याध्यापकांनी पहिल्या तीन गोष्टी वहीत उतरवून घेतल्या. चौथी त्यांना लिहिण्याजोगी वाटली नाही.

मग ते विचारात पडले. "बाई, चौथीचा वर्ग तळमजल्यावर आहे. वर पाचवी. म्हणजे या ग्रंथाच्या डोक्यावर चाळीस पोरं बुटांसकट नाचणार."

शिंपी हसला. "अहो, आमच्या घराच्या वरही एक बिऱ्हाड राहतं."

"तुमचं घर वेगळं. ही संस्था आहे."

संस्थेने ग्रंथ वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या खोलीत न्यायचं ठरवलं. सगळे जिने चढून वर पोचल्यावर कारकुनाने आठवण करून दिली की गच्चीवर, बरोबर या खोलीच्या माथ्यावर, पाण्याची टाकी आहे.

"पाणीच ना?" बाई म्हणाल्या.

"पाणीच. पण गेल्या महिन्यात तिच्यातून कबूतर काढलं होतं."

वरात पुन्हा खाली आली. जिच्या डोक्यावर नुसतं छप्पर होतं अशी एकच खोली शाळेत होती, ती म्हणजे मुख्याध्यापकांचं कार्यालय. तिथल्या टेबलावर चहाचे डाग होते, म्हणून ढाली ठेवायचं काचेचं कपाट रिकामं करून सगळ्यात वरच्या फळीवर कुराण ठेवलं, तेही कापडासकट. पोरांचा भरवसा नाही म्हणून कुलूप लावलं आणि किल्ली मुख्याध्यापकांनी खिशात टाकली. रेहल दाराआड उभं राहिलं.

"मग पोरं बघणार कशी?" बाईंनी विचारलं.

"काचेतून. आधी हात धुऊन या म्हणावं."

"कपाट बंद आहे, सर. हात कशाला धुवायचे?"

"वहीत लिहिलंय."

त्रेचाळीस पोरं आणि दोन नळ. पंचवीस मिनिटं धुणं चाललं. दोघं घसरून पडली, एकाच्या डोळ्यात साबण गेला. ओल्या हातांनी काच खराब होईल, म्हणून सगळ्यांना हात पाठीमागे बांधायला लावून रांगेने आणलं. वरची फळी मोठ्या माणसाच्या डोक्याएवढी उंच होती. चौथीच्या उंचीवरून फळीचा फक्त तळ दिसत होता. पोरं माना मोडून तो बघून पुढे सरकली. तेवढ्यात घंटा झाली.

शिंपी दाराशी कागद हातात धरून उभा होता. "सर, दोनच मिनिटं मिळाली तर? यातलं सगळ्यात आधी उतरलेलं वचन 'वाच' या शब्दाने सुरू होतं. पोरांना तेवढं सांगितलं तरी..."

"छान. लेखी देऊन ठेवा. वरून मंजुरी आली की फळ्यावर लिहू."

बाई काहीतरी बोलणार होत्या. पण त्यांची नोकरी अजून कायम झाली नव्हती, म्हणून त्यांनी हजेरीपट उचलला आणि तो छातीशी धरून गप्प उभ्या राहिल्या. भली माणसं अशीच गप्प राहतात आणि आपण काही वाईट केलं नाही, या समाधानात घरी जातात.

"अब्बा, वाचून कधी दाखवणार?" बडबडीने विचारलं. तिच्यामागे अख्खा वर्ग उत्तराची वाट बघत होता.

"आज सरांना घाई आहे, बेटा."

वर्ग पांगला. डब्याच्या सुट्टीत बडबडी पुन्हा एकटी बसली. शिंप्याला कुराण परत मिळालं, आणि सोबत 'आपण दाखवलेल्या सहकार्याबद्दल' छापील आभारपत्र. अहवालात मुख्याध्यापकांनी लिहिलं की उपक्रम अत्यंत आदराने पार पडला. ते खरंही होतं. आदराखेरीज तिथे दुसरं काही घडलंच नव्हतं.

सहामाहीत प्रश्न आला : कुराणाविषयी दोन वाक्ये लिहा. नमुना उत्तर मुख्याध्यापकांनी स्वतः तयार केलं होतं. 'ते उंच जागी ठेवतात. त्याला कोणी हात लावत नाही.' पोरांनी जे पाहिलं तेच लिहायचं असल्याने बेचाळीस जणांना पैकीच्या पैकी गुण पडले.

त्रेचाळिसावा पेपर बडबडीचा होता. इथे तरी वेगळं काही असेल, आणि नमुना उत्तर झुगारून आपण गुण देऊ, असं बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. धीर एकवटून त्यांनी पान उलटलं. तिथे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'ते उंच जागी ठेवतात. त्याला कोणी हात लावत नाही.'

बाईंनी तिला बोलावून घेतलं. "अगं, तुझे अब्बा तर रोज हातात घेऊन वाचतात ना? मग तसं का नाही लिहिलंस?"

"ते घरी, बाई," बडबडी म्हणाली. "शाळेत आमचं कुराण वेगळं असतं." आणि आयुष्यात पहिल्यांदा, आणखी काही न बोलता, ती जागेवर जाऊन बसली.